मक्याच्या रानातला लोसर

नागपुरात संक्रांत उलटली, की स्वेटरवाल्यांची दुकानं एकेक करून उतरायला लागतात. दिवाळीपासून बांबूंवर टांगलेले कोट, टोप्या, मफलर गाठोड्यांत जातात, ताडपत्र्या सुटतात आणि महिन्याभरात त्याच जागी रसवंतीची घुंगरं वाजू लागतात. ही तिबेटी माणसं उन्हाळाभर कुठे असतात, याची गिऱ्हाइकांना फारशी फिकीर नसते. आमच्या घरातले बहुतेक स्वेटर ज्या बाईंकडून आले, त्यांना सगळे आमा-ला म्हणतात. मीही तेच म्हणते. एकदा गाठोडी बांधताना त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "घर जाते हैं, ताई. लोसर है ना. लोसर के पहले हिसाब साफ, दुकान साफ, घर साफ." लोसर म्हणजे तिबेटी नववर्ष, आणि हिशेब लुधियानाच्या व्यापाऱ्यांचा. हिवाळ्याच्या तोंडाशी हे लोक तिथून उधारीवर माल उचलतात आणि हंगाम संपला की चुकते करतात. मग शेवटचं गाठोडं आवळता आवळता त्याच म्हणाल्या, "आओ ना कभी. खाप्से तलने में मदद करना."

खाप्से तळायला म्हणून मी बैलकुप्प्याला गेले.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता कुशालनगरच्या थोडा अलीकडे बैलकुप्प्यातून जातो. कन्नड पाट्या, शहाळ्यांच्या गाड्या, रणरणतं ऊन. हमरस्ता सोडून आत वळलं की पाट्यांवरची लिपी बदलते आणि विजेच्या खांबांपासून झाडांपर्यंत पाचरंगी पताका दिसू लागतात. बाकी जमीन, आभाळ आणि धूळ तीच. फेब्रुवारी सरत आला होता. मका कधीच निघाला होता, वावरात नुसती धाटं उभी होती. १९६० साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं इथली सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन तिबेटी निर्वासितांना दिली. भारतातल्या त्यांच्या शेतीवसाहतींत ही पहिली, नाव लुगसुंग सामदुपलिंग. १९६९ साली शेजारीच दुसरी वसली, दिक्यी लारसो. वसाहतीतल्या वाड्यांना मात्र सगळे 'कॅम्प'च म्हणतात, आणि पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. तंबू जाऊन कौलारू घरं आली, कौलं जाऊन स्लॅब पडले, तरी कॅम्प तो कॅम्पच.

आमा-लांच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या मो-ला, तंबूच्या काळातल्या. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक हिमालय उतरले, तेव्हा मो-ला दहा-एक वर्षांच्या होत्या. इकडे आल्यावर आईबाप हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. तिथून आगगाडीनं दक्षिणेत. जंगल तोडायचं, जाळायचं, रात्री पत्र्याचे डबे बडवून हत्ती हाकलायचे. चौदा हजार फुटांवरच्या माणसांना हे ऊन सोसलं नाही. पहिल्या वर्षांत पुष्कळ जण आजारानं गेले. मो-ला हे सगळं तिबेटीत सांगत होत्या आणि नातू ते हिंदीत करून सांगत होता. मध्येच त्या थांबल्या, माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलल्या. नातू म्हणाला, "मो-ला कहती है, मोटा बेलो. पतला नहीं."

तर खाप्से. मैदा, साखर, दूध, थोडं लोणी, तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट मळून लाटायचं, कापायचं, पिळायचं, गुंफायचं आणि मंद आचेवर तळायचं. अर्धा डझन आकार असतात. त्यांतला मानाचा आकार गाढवाच्या कानाचा: हातभर लांब, जाड, टोकाला वळलेला. हे कान देवापुढे जोडीजोडीनं उलटसुलट रचून त्यांचा मनोरा करतात, आणि त्यावर बाकीचे छोटे आकार, सुकामेवा, चॉकलेटं, छुरपीच्या, म्हणजे वाळवलेल्या चीजच्या, माळा. कान तळणं सोपं काम नाही. झाऱ्यानं दाबून धरावं लागतं, सोडलं की तेलात पाठ वळवतो आणि मनोऱ्यात बसत नाही. हे खातं मला मिळालं नाही. मला छोट्या वेण्या घालायला दिल्या. अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर लग्नाच्या पंगतीला शोभेल अशी कढई, आणि कॅम्पमधल्या चार घरांचा घाणा एकत्र. पुरुष मळतात, बायका लाटतात आणि तळतात, मुलं पळवतात. आज या घरचं, उद्या त्या घरचं. पत्र्याचे डबे भरत जातात. महिना-दीड महिना पुरेल एवढं हे तळण. त्यातलं निम्मं कुरिअरनं बंगळूर, दिल्ली आणि टोरंटोला जातं.

टोरंटोचं नाव या अंगणात फार वेळा निघालं. आमा-लांच्या कॅम्पमध्ये तीन-चार घरांना कुलपं होती. कुणी कॅनडात, कुणी बेल्जियममध्ये, कुणी पॅरिसला. इथे राहणारा शेजारी त्या घराची किल्ली सांभाळतो आणि लोसरला ते घर उघडून, झाडून, देवापुढे दिवा लावून पुन्हा बंद करतो. आमा-लांकडे अशा दोन किल्ल्या होत्या.

लोसर नेमका कधी, हे ठरवतं धरमशाला. मेन-त्सी-खांग ही वैद्यक आणि ज्योतिषाची संस्था ल्हासात १९१६ साली निघाली, १९६१ साली धरमशालेत पुन्हा उभी राहिली. तिचं पंचांग दरवर्षी सगळ्या वसाहतींत जातं. आमा-लांच्या स्वयंपाकघरात ते फ्रिजला चिकटवलेलं होतं. पंचांगाची सवय असलेल्या माणसाला त्यात परकं वाटण्यासारखं फार नाही. महिना चंद्राचा, अधिक महिना आहे, तिथीचा क्षय आहे, वृद्धीही आहे. क्षय झाला की तो आकडाच नाहीसा होतो. तेवीसनंतर थेट पंचवीस. वृद्धी झाली की एकच तारीख दोनदा. हे सगळं गणित अकराव्या शतकात कालचक्र तंत्राबरोबर भारतातून तिकडे गेलं, आणि साठ वर्षांच्या संवत्सरचक्राची तिबेटी मोजणी १०२७ सालापासून धरतात. त्यामुळे लोसर कधी फेब्रुवारीत येतो, कधी मार्चात. चिनी नववर्षाशी बहुतेकदा जुळतो, एखाद्या वर्षी एका दिवसाचा, क्वचित महिन्याचाही फरक पडतो. असा फरक पडला की कॅम्पमध्ये त्याचा आनंद लपत नाही.

पण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसाची मी वाट पाहत होते, ती माझी बाहेरून आलेल्या माणसाची घाई. इथे सगळा जीव बाराव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या तिथीत असतो. आधीचे काही दिवस घर झाडणं चालतं: छत, जाळ्या, गाद्या, देवघरातल्या पितळी वाट्या. स्वयंपाकघर शेवटी. केर मात्र लगेच टाकत नाहीत, थोडा राखून ठेवतात. एकोणतीसला सकाळी मठात छाम, म्हणजे भिक्षूंचं विधिनृत्य, असतं, संध्याकाळी घरी गुथुक.

छाम पाहायला नामद्रोलिंगला गेले. बैलकुप्प्याला येणारा पर्यटक सुवर्णमंदिर म्हणून जे पाहतो, ते या मठातलं. पूर्व तिबेटातल्या खामच्या पाल्युल परंपरेचे पेनोर रिनपोछे इथे आले आणि १९६३ साली त्यांनी बांबूच्या मांडवात मठ सुरू केला. आता तिथे हजारो भिक्षू आहेत, आणि १९९९ साली खुल्या झालेल्या मंदिरात साठेक फूट उंचीच्या सोनेरी मूर्ती. मंदिराबद्दल मी फार लिहीत नाही. त्याचे फोटो सर्वांनी पाहिलेत. त्या दिवशी सगळं पटांगणात होतं.

आधी नादच. दोन माणसांच्या लांबीचे तांब्याचे भोंगे जमिनीवर टेकवून फुंकतात, तो आवाज कानांना कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतो. मग झांजा, ढोल, सनईसारखी ग्यालिंग. जरीच्या रुंद बाह्यांचे झगे घातलेले, मोठ्या काठाच्या काळ्या टोप्यांचे भिक्षू एकेक करून पायऱ्या उतरतात. गती इतकी संथ, की पहिली दहा मिनिटं प्रेक्षक मोबाइल धरून उभा राहतो आणि नंतर कंटाळतो. कंटाळा आला तरी थांबावं. त्या संथपणात प्रत्येक पावलाला मोजमाप आहे, एका पायावर गिरकी घेताना तोल जाऊ न देणं आहे, आणि ते सगळं अंगावर जाड जर घेऊन, फेब्रुवारीच्या उन्हात. एका नर्तकाची हनुवटी टोपीच्या बंदाखाली घामानं निथळत होती.

काळ्या टोपीची कथा नवव्या शतकातली. लांगदार्मा नावाच्या राजानं बौद्ध धर्माचा छळ मांडला, तेव्हा ल्हालुंग पाल्गी दोर्जे या भिक्षूनं काळा झगा, काळी टोपी घातली, पांढऱ्या घोड्याला कोळशानं काळं केलं, रुंद बाह्यांत धनुष्यबाण लपवले आणि राजासमोर नाचता नाचता बाण सोडला. ही घटना ८४२ सालची धरतात. पळताना त्यानं घोडा नदीत घातला, कोळसा धुऊन गेला. झगा उलटा करून आतली पांढरी बाजू वर घेतली, आणि काळा स्वार शोधणाऱ्यांच्या हाती कुणी लागलं नाही. अहिंसेचा धर्म आणि त्याच्या मोठ्या नाचामागे राजहत्या, हे कोडं मी शेजारी बसलेल्या एका वयस्क भिक्षूला विचारलं. ते शांतपणे म्हणाले, राजानं आणखी पाप करू नये म्हणून दयेपोटी मारलं. मला ते पटलं नाही. मी तसं म्हटलं, आणि ते हसले.

या गंभीर प्रकारात विदूषकही असतात. लांब नाकाचा, दाढीवाला, लालसर चेहऱ्याचा आत्सारा प्रेक्षकांत घुसतो, बायकांच्या पर्सा ओढतो, नर्तकांची नक्कल करतो. हा मुखवटा भारतीय गोसाव्याचा आहे. डोंगर ओलांडून विद्या शिकवायला आलेल्या आमच्या आचार्यांची तिबेटनं पूजाही केली आणि टिंगलही. त्यानं माझ्या डोक्यावर लाकडी काठी टेकवून आशीर्वाद दिला आणि पैसे मागितले. दोन्ही बाबतींत अभिनय चोख होता. दुपारनंतर सांगाड्यांचा वेश केलेले नर्तक आले. मध्यभागी एक लहानशी मानवाकृती ठेवतात. वर्षभराचं जे जे वाईट, ते त्या आकृतीत घातलेलं. तिला मंतरलेल्या खंजिरानं भोसकायचं. शेवटी ज्वाळांच्या आकाराचा, विधीसाठी पिठाचा घडवलेला उंच तोरमा मिरवणुकीनं कुंपणाबाहेर नेतात आणि पेटलेल्या आगीत फेकतात. फेकताना एवढी गर्दी उसळली, की मला फक्त धूर दिसला.

घरी परतले तर गुथुक, म्हणजे नऊ जिन्नसांचं सूप, उकळत होतं. नऊ तरी हवेतच, अधिक चालतात. मुळा, वाटाणे, मटण, वाळवलेलं चीज, पालेभाजी, आणि चिमटीनं शिंपल्यासारखे वळवलेले कणकेचे तुकडे. प्रत्येकाच्या वाडग्यात शिवाय कणकेचा एक मोठा गोळा, त्यात पोटात काहीतरी लपवलेलं. कोळसा निघाला तर काळ्या मनाचा, लोकर निघाली तर मवाळ, मिरची निघाली तर वाचाळ, मीठ निघालं तर आळशी. हल्ली वस्तूंऐवजी चिठ्ठ्याही घालतात. वाढणाऱ्याला कुठल्या गोळ्यात काय ते माहीत असतं, असा सर्वांचा संशय असतो आणि तो खरा असावा, कारण बंगळूरला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या नातवाला मिरची निघाली. त्याच्या बापाला कोळसा. मला मीठ निघालं, तेव्हा वेण्या घालतानाचा माझा वेग सर्वांना आठवला. मो-लांच्या गोळ्यात लोकर होती. त्या दरवर्षी लोकरच निघते म्हणाल्या, आणि आमा-ला चुलीकडे तोंड करून हसल्या.

सूप सगळं संपवायचं नसतं. तळाशी थोडं ठेवायचं. मग कणकेचा एक गोळा प्रत्येकाच्या हातात देतात. तो दुखऱ्या गुडघ्यावर, कपाळावर, पोटावर दाबत फिरवायचा आणि मुठीत आवळून बोटांचे ठसे उमटवायचे. ज्याचं जे दुखतं, ते त्या कणकेत गेलं. एका फुटक्या थाळीत कणकेची वेडीवाकडी बाहुली, तिच्याभोवती आमच्या मुठींचे गोळे, वाडग्यांतलं उरलंसुरलं सूप आणि राखून ठेवलेला केर. आता दिवे मालवले. नातवानं मक्याच्या वाळल्या धाटांची चूड पेटवली आणि ती घेऊन तो खोलीखोलीत धावला: कोपरे, पलंगाखाली, न्हाणीघर. मागून सगळे ओरडत होते, "थोनशो मा! थोनशो मा!" चालते व्हा. पुढे चूड, मागे थाळी, असे कॅम्पच्या चव्हाट्यावर गेलो. तिथे आधीच चार-पाच घरांच्या बाहुल्या जळत होत्या. फटाके लावले, थाळी ओतली, आणि मागे न बघता परत फिरलो.

नागपूरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघते, रोगराई आणि महागाई दोन्ही तिच्या पदरात घालून गाव ओरडतं, 'ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत', आणि वेशीबाहेर तिला आग लागते. चव्हाट्यावर उभी असताना मी ती हाक मराठीतच दिली. कुणी वळून पाहिलं नाही. त्या गोंगाटात ती खपून गेली.

दुसरा दिवस, तीस तारीख, देवघर मांडण्याचा. या दिवशी मला लोसर नीट दिसला. खालच्या पायरीवर गाढवाच्या कानांचे मनोरे. मध्ये चेमार: कोरीव लाकडी पेटीचे दोन कप्पे, एकात लोण्यात कालवलेला त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, दुसऱ्यात भाजलेले दाणे, दोन्हींत खोचलेल्या धान्याच्या ओंब्या आणि रंगीत नक्षीच्या फळ्या. पंधरा दिवसांपूर्वी मातीच्या कुंडीत पेरलेले हिरवे अंकुर. मेंढ्याचं डोकं. मो-लांच्या लहानपणी ते खऱ्या मेंढ्याचं असे. इथलं चिनी मातीचं होतं, डोळे निळे. त्साम्पा उत्तरेतून आणवलेला, पण पुरेसा आला नव्हता म्हणून त्यात गव्हाचं पीठ. अंकुर सातूचे हवेत, ते गव्हाचे. फळीवरची फुलं लोण्याची घडवायची. ती इथे दुपारपर्यंत वितळतात, म्हणून डालड्यात मेण घालून केलेली. धूप लदाखचा. पताका दिल्लीहून. छांग, म्हणजे घरची बिअर, तांदळाची.

मी वहीत हे असं लिहीत सुटले, तेव्हा आमा-लांना ते आवडलं नाही. त्यांना वाटलं, मी खोट काढते आहे. तसं नव्हतं. मला उलट नवल वाटत होतं, की मेंढ्याचं डोकं कपबशीच्या मातीचं चालतं, पण ते चेमारच्या कुठल्या अंगाला ठेवायचं यावर मो-ला आणि मुलगा यांचा अर्धा तास वाद होतो. जिन्नस मिळेल तो. जागा, तिथी आणि आधी काय नंतर काय, यात तडजोड नाही. तिबेट सोडताना पाठीवर जे आणता आलं नाही, त्याला पर्याय काढले. जे डोक्यात होतं, त्याला पर्यायाची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी पहाटे चारला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. आमा-लांची सून घागर घेऊन निघाली होती. वर्षाचं पहिलं पाणी आणायचं असतं. घरात नळ आहे, मोटर आहे, वर टाकी आहे. तरी ती कॅम्पच्या जुन्या सार्वजनिक नळावर गेली आणि तिथे तिच्याआधी दोघीजणी पोचल्या होत्या, त्यामुळे परत आली ती थोडी हिरमुसून. मो-लांच्या गावी हे पाणी ओढ्यावरून आणत. बर्फ कुऱ्हाडीनं फोडावा लागे, आणि जी पहिली पोचे तिचं वर्षभर कौतुक. मग चांगकोल आला: गरम छांगेत त्साम्पा, गूळ आणि चीज. उपाशी पोटी ते प्यायलं की पहाटेचे सगळे विधी फार प्रसन्न वाटतात.

नवे कपडे. पुरुषांचे छुबे, बायकांचे रेशमी, वर लग्न झालेल्यांना पांगदेन हा पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत पदर कमरेला. कडाक्याच्या थंडीसाठी बेतलेला हा पोशाख आठ वाजेपर्यंत ठीक, दहाला पंख्याखाली, बारानंतर घरोघर खुंटीवर. चेमार पुढे आला की चिमूटभर त्साम्पा घ्यायचा, तीनदा हवेत उडवायचा, कण जिभेवर ठेवायचा आणि ताशी देलेक म्हणायचं. मठात जाऊन खाता, म्हणजे पांढरं रेशमी उपरणं, वाहायचा, मोठ्यांच्या पाया पडायचं. पहिल्या दिवशी झाडू हातात घेत नाहीत. नवं वर्ष घराबाहेर जाईल. त्यामुळे उडवलेला त्साम्पा दिवसभर पायांखाली पसरत राहिला. तिसऱ्या प्रहरी टोरंटोहून व्हिडिओ कॉल. तिकडे उणे तापमान, मागे बर्फ. पलीकडच्या मुलानं थंडीची तक्रार केली, तेव्हा मो-ला फोन डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या खिडकीतला बर्फच बघत राहिल्या.

असा लोसर दरवर्षी झालेला नाही. मार्च २००८ मध्ये ल्हासात आणि तिबेटभर निदर्शनं झाली, ती चिरडली गेली. त्यानंतर २००९ मध्ये तिबेटी लोकांनी, आत आणि बाहेरही, लोसर साजरा केला नाही. आत आत्मदहनांचं सत्र सुरू झालं, तेव्हा २०१२ मध्ये निर्वासित प्रशासनाचे प्रमुख लोबसांग सांगे यांनी सणाचा उत्साह बाजूला ठेवून फक्त धार्मिक विधी करायला सांगितलं. त्या वर्षी इथे दिवे लागले, प्रार्थना झाल्या. कढई चढली नाही. आमा-ला म्हणाल्या, त्या साली मुलांना सांगणं सर्वांत कठीण गेलं, कारण मुलांना फटाके हवे होते. ज्या देशात नवीन वर्ष साजरं न करणं हाच निषेध ठरतो, तिथल्या सरकारला या सणाचं वजन आपल्यापेक्षा चांगलं कळत असणार.

या वजनाचा इतिहास जुना आहे. लोसरनंतर लगेच मोन्लाम, म्हणजे महाप्रार्थना. ती १४०९ साली गेलुग परंपरेचे संस्थापक त्सोंगखापा यांनी ल्हासाच्या जोखांग मंदिरात सुरू केली. हजारो भिक्षू शहरात उतरत, आणि तेवढे दिवस ल्हासाचा कारभार द्रेपुंग मठाच्या शिस्तपालांच्या हाती जाई. १९५९ च्या मार्चमध्ये उठाव झाला, तेव्हाही मोन्लामसाठी आलेली माणसं शहरात होती. पुढे तिच्यावर बंदी आली, १९८६ मध्ये परवानगी मिळाली, १९८८ च्या मोन्लाममध्येच निदर्शनं पेटली, आणि पुन्हा सगळं बंद.

तिसऱ्या दिवशी पताका बदलायच्या. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी हा क्रम ठरलेला. कॅम्पच्या टेकाडावर सगळे जमले. टेकाड म्हणण्याइतकाच उंचवटा. चुन्यानं रंगवलेल्या भट्टीत धुपाचा पाला घातला, पांढरा दाट धूर सरळ वर गेला. ओळीनं उभे राहिलो. प्रत्येकाच्या मुठीत त्साम्पा. लयीत स्तोत्र म्हणत हात वर जातो, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा "की की सो सो, ल्हा ग्यालो!", देवांचा जय, आणि मुठी सुटतात. शेकडो हातांतलं पीठ एकदम हवेत. केस, भुवया, खांदे पांढरे. त्यानंतर शेजाऱ्याच्या खांद्यावर मुद्दाम पीठ चोळणं सुरू होतं आणि म्हाताऱ्यांनाही त्यातून सूट नसते. रस्त्यावरून जाणारा कन्नड ट्रॅक्टरवाला थांबला, उतरला, अंगावर पीठ लावून घेतलं आणि खाप्शांची पिशवी घेऊन गेला. तो दरवर्षी येतो, असं कळलं.

निघण्याआधी सेरा मठात गेले. ल्हासाजवळचा मूळ सेरा १४१९ सालचा. १९५९ नंतर तिथले वाचलेले भिक्षू आधी बंगालातल्या बक्सा इथल्या जुन्या तुरुंगाच्या छावणीत राहिले, क्षयानं कित्येक मेले, आणि १९७० साली तीनेकशे जण इथे येऊन त्यांनी मका पेरला. आता इथेही पंधराव्या तिथीची तयारी चालली होती. बुद्धांनी श्रावस्तीला केलेल्या चमत्कारांची आठवण म्हणून पहिल्या पौर्णिमेला लोण्याच्या कलाकृती मांडतात. ल्हासात त्या रात्री बारखोरच्या प्रदक्षिणामार्गावर दुमजली उंचीच्या उभ्या करत आणि उजाडायच्या आत उतरवत. इथे एका बंद खोलीत चार तरुण भिक्षू बर्फाच्या पाण्याच्या बादलीत हात बुडवून, मेणमिश्रित रंगीत गोळ्यांतून कमळाची पाकळी बोटाच्या दाबानं काढत होते. पंखा बंद, कारण वाऱ्यानं धूळ बसते. एकानं मला पाकळी करून बघायला सांगितलं. माझ्या बोटांच्या उष्णतेनं ती पाकळी आधी चमकली आणि मग ओघळली. त्यानं ती शांतपणे खरवडून बादलीत टाकली.

पुढचे सणही त्याच फ्रिजवरच्या पंचांगात होते. चौथ्या महिन्यात सागा दावा, त्या महिन्यात बरेच जण मांस सोडतात. कैलासाच्या पायथ्याशी तारबोछेला पताकांचा प्रचंड खांब त्या पौर्णिमेला नव्यानं उभारतात. उन्हाळ्यात ल्हासाचा शोतोन, दह्याचा आणि ल्हामो नाटकांचा, द्रेपुंगच्या डोंगरावर पहाटे उलगडणाऱ्या अजस्र थंगकेचा, म्हणजे कापडावरच्या बुद्धचित्राचा. दहाव्या महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला त्सोंगखापांच्या स्मरणार्थ छपराछपरांवर दिवे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली नोरग्येलिंग वसाहत आहे, तिथेही हे सगळं होतं. आमा-लांची बहीण तिथे दिली आहे. नागपूरहून ते इतकं जवळ असताना मी कर्नाटकात काय करते, असं त्या बहिणीनं फोनवर विचारलं, आणि याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या ओसरीवर शो, म्हणजे फाशांचा खेळ, रंगला होता. चामड्याच्या गादीवर लाकडी वाटीतून दोन फासे आपटायचे, कवड्यांच्या ओळीवरून आपली नाणी पुढे न्यायची, तिघे गडी, प्रत्येकी नऊ नाणी. वाटी आपटण्याआधी हवं ते दान मागत तालात काहीबाही म्हणायची रीत आहे, आणि जितकं दान अवघड तितकं ते म्हणणं चटकदार. एका सत्तरीच्या आजोबांनी वाटी डोक्यावर नेली, लांबलचक काहीतरी गायलं, आपटली, आणि दान पडलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. अर्थ विचारला, तर नातू भिंतीकडे बघायला लागला आणि आमा-लांनी सांगायला साफ नकार दिला. मो-लांनी सांगितला, हातवाऱ्यांसकट. तो इथे छापण्याजोगा नाही.